टप उतरवायला चार माणसं

प्रमोदच्या पिकअपचा टप उतरवायला चार माणसं लागायची, आणि सगळा घोळ त्या चार माणसांनीच केला.

टप म्हणजे गाडीच्या मागच्या हौद्यावर बसवलेलं पांढरं झाकण. फायबरचं, दोन्ही बाजूंना काळ्या काचा, मागे वर उघडणारं दार आणि त्याला कुलूप. प्रमोद त्याला कॅनपी म्हणतो. आम्ही म्हातारा-म्हातारी टप म्हणतो, कारण आमच्या नागपूरकडे गाडीच्या डोक्यावर जे काही असतं तो टपच. प्रमोद माझा मुलगा. तो इलेक्ट्रिशियन आहे. वायरची भेंडोळी, ड्रिल, हत्यारांच्या पेट्या, सगळं त्या टपाखाली कुलपात असतं. आमच्या रस्त्यावर दोन गाड्या फोडून हत्यारं नेलेली आहेत, त्यामुळे कामाच्या दिवशी टप हवाच.

सुट्टीच्या दिवशी मात्र तो नको. कारण सिंधूची स्कूटर त्याच्याखाली मावत नाही.

सिंधू माझी बायको. कॉव्हेंट्रीतले आपले लोक तिला सिंधुबाई म्हणतात. दोन वर्षांमागे तिच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. पाय घरातल्या घरात फिरण्यापुरता सुधारला, डावा हात नाही सुधारला. उजवा हात होता तसाच आहे. त्या हाताने ती अजून कणीक मळते आणि मला दम देताना बोटही त्याच हाताचं दाखवते.

हॉस्पिटलातून व्हीलचेअर मिळाली होती. ती तिने एकदाच वापरली.

"ढकलणारा मागं राहते," ती म्हणाली. "त्याचं तोंड दिसत नाही. तो काय बोलून राहिला ते ऐकू येत नाही. मी काय तांदळाचं पोतं आहे का?"

मग आमच्या सुनेने, धम्मशीलाने, कुठूनतरी एक जुनी मोबिलिटी स्कूटर शोधून आणली. लाल रंगाची, बॅटरीवर चालणारी, पुढे तारेची टोपली. उजव्या अंगठ्याने खटका दाबला की चालते. पहिल्याच दिवशी सिंधू कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेली. मी शेजारून चालत होतो, पण ती हळूहळू पुढे निघाली. जन्मभर मी पुढे आणि ती चार पावलं मागे, असंच आम्ही रस्त्याने चाललो होतो. त्या दिवशी ती कोपऱ्यावर थांबली, मान वळवून माझी वाट बघितली आणि म्हणाली, "या लवकर."

तो आवाज मी विसरलो नाही. दुखण्यानंतर तिने पहिल्यांदाच माझ्यामागे अशी घाई लावली होती.

कोपऱ्यापुरतं ठीक होतं. लांब जायचं तर स्कूटर पिकअपच्या हौद्यात चढवावी लागते. लोखंडी फळ्या लावल्या की ती चढते, पण तिची सीट आणि हँडल उंच आहेत. टपाखालून ती आत जात नाही. सीट काढून बघितली, हँडल वाकवून बघितलं. नाहीच.

एप्रिलमध्ये जयंतीला लेस्टरला जायचं ठरलं. तिथे एका हॉलमध्ये आपले लोक जमतात. लेस्टर म्हणजे सिंधूचं जुनं गाव म्हटलं तरी चालेल. इंग्लंडात आल्यावर आम्ही आधी तिथे राहिलो. मी बेकरीत आणि ती बेलग्रेव्ह रोडच्या मागे कपडे शिवण्याच्या कारखान्यात. तिच्या शेजारच्या मशीनवर अरुणा नावाची बाई होती, अमरावतीची. शिफ्ट सुटली की दोघी हातात हात घालून बेलग्रेव्ह रोडने साड्यांच्या काचा बघत बसस्टॉपपर्यंत यायच्या. साडी घ्यायची ऐपत नव्हती, पण एकेका साडीला नावं ठेवायची ऐपत भरपूर होती. सिंधूचं दुखणं आल्यापासून दोघींची भेट फक्त फोनवर.

तर जयंतीच्या सकाळी प्रमोदने माणसं जमवली. एक तो स्वतः. दुसरा त्याचा मित्र अतुल, नागपूरहून नोकरीला आलेला, बँकेच्या कॉम्प्युटरवर काम करतो आणि आमच्या मंडळात बुद्धवंदना तोच सांगतो. तिसरा आमचा शेजारी ग्रॅहम, रिटायर झालेला पोस्टमन, माझ्यापेक्षा दीड हात उंच. चौथा मी.

क्लॅम्प सैल केले, ब्रेकलाइटची वायर काढली. टप मागच्या बागेत नेऊन ठेवायचा होता. मागच्या वेळी फरशीवर ठेवताना त्याला ओरखडे पडले होते, म्हणून धम्मशीलाने कपाटातली एक जुनी पांढरी चादर काढून दिली. ती आम्ही टपावरून टाकून चारी बाजूंनी खाली खोचली.

उचलला. वजन तसं फार नव्हतं, पण पावलं जमेनात. ग्रॅहम लांब टांगा टाकी, मी मागे राही, टप एका बाजूला कलंडे. ग्रॅहम म्हणाला, आर्मीत अशा वेळी ताल धरायचे.

"काका, माझ्याबरोबर चाला," अतुल म्हणाला. "एकेक पाऊल." आणि ताल धरायला त्याच्या तोंडात जे रोज असतं ते आलं.

"बुद्धं सरणं गच्छामि."

एक पाऊल पडलं. छान पडलं. मीही म्हणू लागलो, प्रमोदही. धम्मं सरणं. संघं सरणं. ग्रॅहमला त्यातला शेवटचा शब्द तेवढा सापडला. तो दर वेळी उशिरा आणि सगळ्यांपेक्षा मोठ्याने "गच्छामि!" म्हणत होता. आमची पावलं अशी जुळली की मला फार बरं वाटलं. घराच्या कडेने, पुढच्या खोलीच्या खिडकीसमोरून आम्ही चौघे टप घेऊन गेलो. खिडकीत सिंधू बसली होती, जयंतीची पांढरी साडी नेसून, केसात क्लिप लावून. मी तिच्याकडे बघून हसलो. तिने बघितलं, पण माझ्याकडे नाही.

घामेजून आत आलो तर तिने केसातली क्लिप काढून टेबलावर ठेवली होती.

"तुम्ही जा," ती म्हणाली. "मी नाही येत."

"काहून? काय झालं?"

"काही नाही झालं. जीव नाही लागून राहिला."

आम्हाला वाटलं, थकली असेल. कोणीच गेलं नाही. दुपारी चौघांनी टप पुन्हा आणून बसवला.

त्यानंतर दर शनिवारी प्रमोद विचारी आणि दर शनिवारी ती काहीतरी कारण सांगे. गार आहे. गुडघा धरला आहे. टीव्हीवर काहीतरी बघायचं आहे. कोपऱ्यावरच्या दुकानालासुद्धा जाईना. स्कूटरवर प्लास्टिकचं आवरण पडलं, ते पडूनच राहिलं.

प्रमोद कॉव्हेंट्रीत जन्मलेला. त्याचं मराठी त्याच्या परीने चालतं. तो तिच्यासमोर जमिनीवर बसून म्हणाला, "आई, आम्हाला काही प्रॉब्लेम नाही. खरंच. चार लोक आहे, दोन मिनिटाचा काम आहे. सगळे खुशीने येते."

"तेच तर," सिंधू म्हणाली आणि भिंतीकडे बघत राहिली.

'तेच तर' म्हणजे काय, ते कोणालाच कळलं नाही.

मे महिन्यात अरुणाचा फोन आला. फोन टेबलावर ठेवून बोलायची सिंधूला सवय आहे, त्यामुळे दोघींचं बोलणं घरभर ऐकू येतं.

"बुद्धपौर्णिमेला येतेस ना गं?" अरुणा विचारत होती. "जयंतीला तर टांग दिलीस. आता माझी लेक मला क्रॉयडनला नेऊन ठेवते. घर विकलं. पौर्णिमा झाली की मी गेली म्हणून समज."

"क्रॉयडनला काय आहे?"

"ट्राम आहे म्हणे. मी काय ट्राम खाऊ?" अरुणा हसली, मग तिचा आवाज बारीक झाला. "एकदा रोडनं चक्कर मारू गं. मला वॉकर आहे, तुला गाडी आहे. दोघींचा स्पीड जमेल. शिफ्ट सुटल्यासारखं जाऊ."

"पाहू," सिंधू म्हणाली.

फोन बंद झाल्यावर ती कितीतरी वेळ अंगठ्याने टेबलाची कड दाबत होती, स्कूटरचा खटका दाबावा तशी.

दुसऱ्या दिवशी प्रमोद आणि धम्मशीला कामावर गेल्यावर मी चहा केला. तिच्यासमोर बसलो. ती एका हाताने मेथी निवडत होती. काडी दातात धरून पानं खुडायची तिची नवी रीत आहे.

"सिंधू," मी म्हणालो, "पौर्णिमेला तुला जायचं आहे. नाही म्हणू नको. मग तू काहून अडून बसली?"

तिने तोंडातली काडी काढली.

"तुम्ही खिडकीतून पाहिलं नाही. मी पाहिलं."

"काय पाहिलं?"

"माझ्या दारातून काय गेलं ते." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "पांढरी चादर. चार माणसं. पुढं अतुल सरणं म्हणून राहिला. अन् मी पांढरी साडी नेसून खिडकीत बसून पाहून राहिली. आता तुम्हीच सांगा, कोणाचं होतं ते?"

माझ्या हातातला कप खाली ठेवायचंही मला सुचलं नाही.

आमच्यात माणूस गेला की पांढऱ्या कापडात गुंडाळतात, चौघे खांदा देतात आणि वाटेने सरणं म्हणत नेतात. मी स्वतः किती जणांना असा खांदा दिला आहे. माझ्या बापाला, तिच्या भावाला. म्हणूनच पावलं इतकी छान जुळली होती. पायांना ते आधीपासून येत होतं. आणि आम्हा चौघांपैकी, एका ग्रॅहमला सोडून, तिघांना ते माहीत असून कोणाच्या डोक्यात आलं नाही.

"अगं, तो टप होता," मी म्हणालो.

"मला माहीत आहे टप होता. मी काय खुळी आहे? अपशकुन-बिपशकुन मी मानत नाही." मेथीची एक जुडी तिने बाजूला सारली. "मी जाईन तेव्हा लागतीलच चार जण. त्याला माझी ना नाही. पण जित्या बाईला बाजारात जायला चार जण लागावे? दर शनिवारी? घरातून निघाली की खांदेकरी गोळा करा, अन् परत आली की पुन्हा गोळा करा. असं नेतात का कोणाला मैत्रिणीला भेटायला?"

मी मेथीची जुडी पुन्हा तिच्यापुढे सरकवली.

थोड्या वेळाने तिचेच खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते. ती हसत होती.

"अन् तो ग्रॅहम!" ती म्हणाली. "सगळ्यात मोठा आवाज त्याचा! गच्छामि! जसं काही त्याचीच सासू गेली!"

मग दोघेही हसलो. हसता हसता तिने डोळे पदराला पुसले ते मी बघितलं, पण बघितलं असं दाखवलं नाही.

संध्याकाळी मी प्रमोदला आणि सुनेला स्वयंपाकघरात बोलावून सगळं सांगितलं. प्रमोदने कपाळाला हात लावला.

"ओ गॉड," तो म्हणाला. "द बेडशीट."

"चादर मी दिली," धम्मशीला म्हणाली आणि खुर्चीत बसली. तिचा चेहरा उतरला होता. मग तीच म्हणाली, "आईंसमोर कोणी सॉरी-बिरी म्हणायचं नाही. आपण सगळे रडके चेहरे करून समोर उभे राहिलो तर त्यांना अजूनच तसं वाटेल. प्रमोद, ते एका माणसाने करता येईल असं काही नाही का?"

प्रमोद फोनवर शोधायला लागला. शोधता शोधता उभा राहिला. "आहे," तो म्हणाला. "हॉइस्ट. गॅरेजच्या छतात लावते. एक माणूस फिरवतो, बस."

ते असं आहे. गॅरेजच्या छताला आडवे वासे. त्यांना कप्प्या. कप्प्यांतून दोऱ्या खाली येतात, प्रत्येकीच्या टोकाला रुंद पट्टा. पट्टे टपाच्या चारी कोपऱ्यांना अडकवायचे. सगळ्या दोऱ्या भिंतीवरच्या एका चाकाला जोडलेल्या, त्या चाकाला हँडल. हँडल फिरवलं की टप वर जातो आणि सोडलं तरी घसरत नाही, कारण आत खटका आहे. गाडी उलटी आत आणायची, टप वीतभर उचलायचा, गाडी पुढे काढायची. टप तिथेच छताखाली लटकून राहतो. परत आल्यावर गाडी पुन्हा त्याच्याखाली आणायची आणि हळूहळू उतरवायचा. बागेत न्यायला नको, चादर नको, माणसं नकोत.

पण आधी गॅरेज रिकामं करायला हवं होतं. त्या गॅरेजमध्ये गाडी कधीच गेली नव्हती. मंडळाच्या घडीच्या खुर्च्या, निळ्या झेंड्यांचं खोकं, मोडका पलंग, तीन कुकर, त्यांतले दोन शिट्टी नसलेले. ग्रॅहम धावत आला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. मोडका पलंग बघून तो म्हणाला, "सुखदेव, हे तुम्ही कशासाठी ठेवलं आहे?"

"पाहुणे आले तर," मी म्हणालो.

"आवडते पाहुणे की नावडते?"

सिंधू आत बसून आदळआपट ऐकत होती. विचारलं नाही. आम्हीही सांगितलं नाही.

शनिवारी प्रमोदने वाशांना जाड फळी ठोकून तिच्यावर कप्प्या बसवल्या. गाडी उलटी घेतली. टप आत गेला आणि गाडीचं तोंड बाहेर राहिलं. पट्टे अडकवले. प्रमोद भिंतीशी जाऊन हँडल फिरवू लागला. टक, टक, टक असा आवाज यायला लागला. टप सुटला, वर आला, आणि त्याची मागची बाजू भसकन खाली बसली. मी आणि ग्रॅहमने धावत जाऊन हात लावले.

"खाली! खाली घे!"

"बाबा, तुम्ही हात काढ! बोट जाईल!"

पुन्हा पट्टे सरकवले, पुन्हा उचलला. तरी मागची बाजू खालीच. आम्ही आत टपाला चिकटून उभे, आम्हाला काहीच नीट दिसेना. ग्रॅहम म्हणे डावीकडे, मी म्हणे उजवीकडे.

तेवढ्यात बाहेरून आवाज आला. "आतमधे आहे का कोणी शहाणा?"

सिंधू स्कूटरवर बसून गॅरेजच्या दाराशी आली होती. प्लास्टिकचं आवरण तिने तसंच टोपलीत कोंबलं होतं. कित्येक आठवड्यांनी ती स्कूटरवर बसलेली दिसत होती, आणि हे आपण बघितलं नाही असं आम्ही सगळ्यांनी एकदमच ठरवलं.

"काय करून राहिले?"

"आई," प्रमोद म्हणाला, "हा मशीन आहे. कॅनपी काढायला. एकच माणूस लागते. फक्त एक."

ती बराच वेळ बघत राहिली. कप्प्या, दोऱ्या, भिंतीवरचं चाक. मग तिने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे.

"तुमच्या तोंडात तीळ नाही भिजत," ती मला म्हणाली. पण रागाने नाही. "बरं, मागची बाजू अजून खाली आहे. दाराची काच जड आहे तिकडं. इथून दिसते. पट्टा आखूड करा."

केला.

"अजून थोडा. ग्रॅहम, नॉट यू. यू स्टॅण्ड."

ग्रॅहम उभा राहिला. या वेळी टप उचलला तो ताटासारखा सपाट वर गेला. प्रमोदने गाडी पुढे घेतली. टप मागे राहिला, हवेत, एकटा. वाऱ्याने थोडा झुलला.

"झालं!" प्रमोद ओरडला. "आई, बघितला? आता मी एकटा करेल."

"अन् तू घरी नसला तर?"

"मग बाबा करते."

"अन् बाबा नसले तर?"

तिने ते सहज विचारलं, बाजारातून कोथिंबीर आणली का विचारावं तसं. प्रमोद माझ्याकडे बघायला लागला. मी दोरीला गाठ आहे की नाही ते तपासायला लागलो.

सिंधूने स्कूटर हळूच आत घेतली, भिंतीला लावली आणि उजवा हात वर केला. हँडल उभ्या माणसाच्या छातीच्या उंचीला लावलेलं होतं. तिच्या बोटांना ते जेमतेम लागलं, पण फिरवायला जोर पोचेना. तिने तो हात काही क्षण तसाच ठेवला आणि खाली घेतला. स्कूटर मागे घ्यायला लागली.

"थांब, आई," प्रमोद म्हणाला.

त्याने खिशातून पेन्सिल काढली. तिच्याजवळ गुडघ्यावर बसला. "हात ठेव. जिथं बरं वाटते तिथं. भिंतीवर."

"असू दे रे. तुझं लावून झालं."

"हात ठेव."

तिने हात भिंतीवर ठेवला. त्याने तिच्या मुठीभोवती पेन्सिलने गोल काढला, लहान मुलं कागदावर हात ठेवून काढतात तसा. मग म्हणाला, "फिरव. हवेत फिरव, मला बघायचं आहे कुठे जाते तो कोपर." तिने हवेत हात फिरवला. एकदा, दोनदा. धम्मशीला दारात येऊन उभी राहिली होती. ती पटकन आत गेली.

चाक भिंतीवरून काढायला, खाली नवी भोकं पाडायला आणि दोऱ्या पुन्हा ओवायला सगळी दुपार गेली. प्रमोदने चहासुद्धा घेतला नाही. जुनी भोकं अजून भिंतीत आहेत. ती बुजवू नको म्हणून मीच सांगितलं.

पौर्णिमेच्या सकाळी सिंधू लवकर तयार झाली. पांढरी साडी, केसात क्लिप. अतुल आला. बिचाऱ्याला आता सगळं कळलं होतं, तो फाटकापाशीच घुटमळत होता. ग्रॅहम टाय लावून आला. त्याला कळलं नव्हतं काहीच, पण पौर्णिमेचं जेवण त्याला माहीत होतं.

प्रमोदने पट्टे अडकवले आणि हँडलपासून बाजूला झाला. सिंधूने स्कूटर भिंतीला लावली, हँडल धरलं, आणि थांबली.

"का रे अतुल," ती म्हणाली, "आज तोंडाला कुलूप?"

"काकू, त्या दिवशी मी... माझ्या लक्षातच..."

"तुझ्या लक्षात काय राहते? डबा विसरते, छत्री विसरते. सरणं तेवढं आठवते." तिने बोट दाखवलं. "म्हण. मेल्यावरच म्हणायचं असं कोणी सांगितलं तुला? चांगल्या कामाला निघाली मी. म्हण."

अतुल आपल्या बुटांकडे बघायला लागला. मग सिंधूनेच सुरू केलं. एका चरणाला एक फेरा. बुद्धं सरणं गच्छामि. टक, टक, टक. अतुलने साथ दिली, मी दिली. "गच्छामि!" ग्रॅहम उशिरा आणि मोठ्याने म्हणाला. सिंधूला हसू आलं, तिचा हात थांबला, पण खटक्यामुळे टप होता तिथेच राहिला. तिने पुन्हा फिरवलं. ती जुनी हातमशीनवाली बाई आहे. कारखान्यात लागायच्या आधी नागपूरला तिने हाताच्या मशीनवर किती परकर शिवले असतील. तिचा हात तसाच फिरत होता, घाई न करता, मान किंचित कलती ठेवून.

टप वीतभर वर गेला. गाडी आणि टप यांच्यामधून उजेडाची एक पट्टी दिसली.

"घे पुढं," ती म्हणाली.

प्रमोदने गाडी काढली. टप झुलायला लागला तशी तिने हात वर करून तळव्याने त्याची कड थांबवली.

"रिकामं झुलू देऊ नये काही."

"आई," धम्मशीला म्हणाली, "आणि परवा म्हणत होतात अपशकुन मानत नाही. बावीस प्रतिज्ञा!"

"प्रतिज्ञा मला पाठ आहेत. काच फुटली तर तुझ्या नवऱ्याला पाठ होईल."

लेस्टरला वंदना झाली, जेवण झालं, आणि दोघी बेलग्रेव्ह रोडला निघाल्या. अरुणा वॉकर ढकलत, सिंधू स्कूटरवर. अरुणा खरंच फार हळू चालत होती. सिंधू अंगठा दाबायची, सोडायची, दाबायची, सोडायची. एका दुकानाच्या काचेसमोर दोघी थांबल्या. आत मोरपिशी रंगाची साडी होती.

"ही कोणासाठी असेल गं?" अरुणा म्हणाली.

"ज्या नवरीला नवरा पसंत नाही तिच्यासाठी," सिंधू म्हणाली. दोघी काचेला टेकून हसल्या. मागून एक बाई बाबागाडी घेऊन आली, तिला वाट द्यायचंही त्यांच्या लक्षात आलं नाही.

मी बरंच मागे राहिलो होतो, मुद्दामच. पुढच्या कोपऱ्यावर सिंधूने स्कूटर थांबवली, मान वळवली.

"या लवकर!"

मी पाय उचलले.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा ती थकली होती. चेहरा ओढलेला, डावा हात मांडीवर निपचित. अरुणाचा निरोप घेतल्यापासून ती गाडीत फारसं बोलली नव्हती. प्रमोदने फळ्या लावून तिची स्कूटर खाली उतरवली, तिला तिच्यावर बसवलं, मग गाडी उलटी आणून बरोबर टपाखाली उभी केली आणि खाली उतरून हँडलकडे निघाला.

"आई, तू आत जा. मी लावतो कॅनपी. तू थकली."

"तुला उद्या कामावर जायचं आहे ना?"

"हो."

"मग हत्यारं कुलपात जायला पायजे ना?"

"हो, पण..."

"मग सर बाजूला," सिंधू म्हणाली आणि स्कूटर भिंतीला लावली.